लाईटीचा डांब

पुण्यात ‘लाईट गेले’ म्हणतात, माणदेशातल्या सांगोल्यात ‘लाईट गेली’. अंधार दोन्हीकडे सारखाच, व्याकरण वेगळं. ‘लाईट गेले’ म्हणणाऱ्याच्या मनात मागे कुठेतरी ‘दिवे’ असतात. दिवे गेले, म्हणून लाईट गेले. माणदेशात मात्र ती एकटी आहे, स्त्रीलिंगी आहे आणि आपल्या मर्जीची मालकीण आहे. ‘लाईट आली का ओ?’ ‘आलती, परत गेली.’ एवढ्या दोन वाक्यांत डाळिंबाच्या बागेचं त्या दिवसाचं वेळापत्रक ठरून जातं.

तिची षष्ठी बघा. शहरात ‘लाईटचं बिल’ येतं, सांगोल्यात ‘लाईटीचं’. लाईटीचा डांब म्हणजे खांब, लाईटीची तार, लाईटीचं हापिस. मराठीतले अकारान्त स्त्रीलिंगी शब्द दोन वाटांनी चालतात. वीज-विजेचा, जीभ-जिभेचा ही एक वाट. भिंत-भिंतीचा, वात-वातीचा, ज्योत-ज्योतीचा ही दुसरी. लाईट दुसऱ्या वाटेला लागली. व्याकरणात याचं कारण साधं आहे: बाहेरून आलेले स्त्रीलिंगी शब्द बहुधा याच वाटेनं जातात, मोटारीचा, सायकलीचा, फायलीचा. तरी विजेच्या शेजारी न बसता ही परकी पोर वातीच्या आणि ज्योतीच्या शेजारी जाऊन बसली, हे मला फार बरं वाटतं. कुणा विद्वानानं हे ठरवलेलं नाही.

आता घरची लेक, वीज. संस्कृतातली विद्युत्, तीही स्त्रीलिंगीच. ‘द्युत्’ म्हणजे चमकणे, ‘वि’ लागून लखकन चमकणे. प्राकृतात ‘द्य’चा ‘ज्ज’ होतो: अद्यचा अज्ज, विद्युत्‌ची विज्जु. मराठीत येताना जोडाक्षर सुटं झालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: अज्जचं आज, विज्जुची वीज. म्हणजे ‘आज वीज नाही’ या वाक्यातले पहिले दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेत. हिंदीनं मागे ‘ली’ लावून बिजली केली, गुजरातीनं वीजळी. मराठीनं शेपूट ठेवलं नाही. आणि ज्योत? ‘ज्योतिस्’ हा शब्दही द्युत् धातूचाच, फक्त आरंभीच्या ‘द’चा ‘ज’ झालेला. आकाशात चमकणारा काजवा म्हणून खद्योत, तोही याच घरातला. तेव्हा वीज आणि ज्योत सख्ख्या बहिणी, आणि लाईट त्यांच्यात आलेली सून.

ही वीज मुळात ढगातली. शेकडो वर्षं या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. युरोपात मात्र ह्या शक्तीचं नाव आकाशातून आलं नाही, राळेतून आलं. अंबर नावाची पिवळी, अश्मीभूत राळ लोकरीवर घासली की काडीकचरा ओढून घेते. ग्रीकांत तिला एलेक्ट्रॉन म्हणत. विल्यम गिल्बर्टनं १६०० साली चुंबकावरच्या लॅटिन ग्रंथात त्यावरून विशेषण घडवलं, त्याचीच पुढे ‘इलेक्ट्रिसिटी’ झाली. गंमत अशी की हीच राळ आपल्याकडेही माहीत होती आणि तिचा गुणही. संस्कृतात तिला ‘तृणमणी’ म्हणत, गवत ओढणारा मणी. फारसीत ‘काहरुबा’, म्हणजे काडी पळवणारा. तो शब्द अरबीत ‘कहरबा’ झाला आणि आज सगळं अरब जग विजेला कहरबाच म्हणतं. आपल्याकडे परिभाषा करणाऱ्यांनी तृणमण्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी वर पाहिलं आणि विद्युत् उचलली.

बरोबर उचलली का? राळेतली ओढ आणि ढगातला लोळ हे एकच, हे उघड मुळीच नव्हतं. ते सिद्ध करण्याची युक्ती बेंजामिन फ्रँकलिननं १७५० साली लिहून काढली: उंच ठिकाणी टोकदार लोखंडी सळई उभी करा आणि ढग वर आला की तिच्यातून ठिणगी निघते का पाहा. हेच साल सांगोल्याच्या इतिहासातही मोठं आहे. त्याच १७५० मध्ये इथे छत्रपती रामराजे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात सांगोल्याचा करार झाला आणि मराठी राज्याची सत्ता व्यवहारात साताऱ्याहून पुण्याकडे गेली. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण सांगोल्यात बसून विजेवर लिहिताना हे साल टाळवत नाही. १७५२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये ती सळई उभी राहिली, ठिणगी निघाली, आणि दोन्ही गोष्टी एकच ठरल्या. तेव्हा मराठीनं दोहोंना एकच नाव दिलं, ते शास्त्राला धरूनच झालं.

तरीही भाषा दोघींची गल्लत होऊ देत नाही, ती क्रियापदांच्या जोरावर. ढगातली वीज चमकते, लवते, कडाडते, पडते. तारेतली येते, जाते, तुटते, मिळते. ‘काल रात्री वीज पडली’ आणि ‘काल रात्री वीज गेली’ यांत कुणाचाही घोटाळा होत नाही. शिवाय ढगातल्या विजेला अनेकवचन आहे, ‘विजा चमकल्या’, तारेतलीला नाही. मीटरमध्ये कितीही युनिट पडोत, ‘विजा वापरल्या’ कुणी म्हणत नाही. मोजता येते तिला अनेकवचन नाही आणि मोजता येत नाही तिला आहे!

बोलण्यात तर तारेतल्या विजेला वीज म्हणतोच कोण? सांगोल्याच्या आठवडी बाजारात, खिलार बैलांच्या दावणीशी कान देऊन उभे राहा. ‘वीज’ हा शब्द तारेच्या संदर्भात क्वचित येईल. तिथे एकाच वस्तूला तीन नावं आहेत आणि तिघांची कामं वाटलेली आहेत. पंखा थांबला, गिरणी थांबली, मोटार थांबली: लाईट गेली. तारेला हात लागला: करंट बसला. वर्तमानपत्रात आलं, सरकारी पत्र आलं किंवा आभाळ भरून आलं: वीज. उपयोगाची ती लाईट, चावणारा तो करंट, आणि दूरची, मानाची किंवा भीतीची ती वीज. लाईट गेली म्हणताना भर दुपारी दिव्याचा काही संबंध नसतो. गिरणीवाल्याचा पट्टा थांबलेला असतो. पण पहिल्यांदा गावात ती दिवा होऊन आली, म्हणून नाव दिव्याचं राहिलं.

दक्षिणेकडे गेलं की हे वाटप बदलतं. कन्नड आणि तेलुगू बोलणारे लोक ‘करंट गेला’ म्हणतात. सोलापूर शहरात या तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, आणि यंत्रमाग बंद पडला की एका घरातून लाईट जाते, शेजारच्या घरातून करंट. ‘करंट’चं मूळ लॅटिन, अर्थ धावणारा. आपल्या शालेय पुस्तकात त्याचा ‘प्रवाह’ झाला.

या प्रवाहाच्या कल्पनेनं सगळ्यांना थोडं फसवलं आहे. लाईट आली म्हणजे कोयनेहून काहीतरी तारेतून वाहत आलं, असं आपल्याला वाटतं. तारेतले इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात कुठूनच आलेले नसतात; ते आधीपासून तांब्यात, ॲल्युमिनियममध्ये होतेच. आपल्या घरातल्या प्रत्यावर्ती विजेत ते सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतात, आणि ते पुढेमागे होणंही केसाच्या जाडीहून कमी अंतरात. धावते ती ऊर्जा, आणि तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपास. एसटी स्टँडवर लांब रांग लागलेली असावी, मागच्यानं ढकललं की पुढचा दारात आपटावा आणि मधला कुणीच जागचा हललेला नसावा, तसला हा प्रकार. म्हणून मला ‘प्रवाह’पेक्षा ‘लाईट आली’ जास्त खरं वाटतं. त्यात काय आलं, हे सांगितलेलं नाही. आली, एवढंच.

क्रियापदांचा हा शहाणपणा आणखी दोन ठिकाणी दिसतो. एक ‘उतरणे’. ‘पत्र्यात करंट उतरला’, ‘मोटारीच्या बॉडीत करंट उतरलाय’, ‘पावसात डांबात उतरतो’. जिथं असायला नको तिथं वीज गेली की ती उतरते. विष उतरतं, दृष्ट उतरवतात, ताप उतरतो. तिथे उतरणं म्हणजे निघून जाणं. इथे मात्र उतरणं म्हणजे शिरणं, अंगात येणं. शास्त्राच्या भाषेत याला गळती म्हणतात: वायरीचं आवरण फाटलं, आतली तार लोखंडाला टेकली आणि जमिनीकडे जायची वाट शोधत बसली. ती वाट नीट करून दिलेली असेल तर वीज मुकाट जमिनीत जाते. नसेल तर पहिला हात लावणारा माणूस तिची वाट होतो. ‘उतरला’ या शब्दात ती खाली जाण्याची ओढ नेमकी पकडलेली आहे.

दुसरं ‘चिकटणे’. ‘तारेला चिकटला.’ हे ऐकताना अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक गावाला असा एखादा दिवस आठवत असतो. लोक म्हणतात, विजेनं ओढून घेतला. वीज ओढत नाही. सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारा करंट हातातून गेला की बोटं मिटणारे आणि उघडणारे दोन्ही स्नायू एकदम आवळतात. मिटणारे जास्त दणकट, म्हणून मूठ घट्ट बसते आणि मेंदूनं ‘सोड’ म्हटलं तरी सुटत नाही. यासाठी सुमारे १० मिलिअँपिअर पुरतात. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब ढोबळ मानानं याच्या चौपट करंट घेतो. स्नायूंवरचा विजेचा हा परिणाम युरोपनं बारकाईनं तपासला तो १७८० च्या दशकात, इटलीत, गॅल्वानीच्या टेबलावरच्या बेडकाच्या तंगडीत. त्या तंगडीवरूनच गॅल्वानी आणि व्होल्टा यांचा वाद लागला आणि व्होल्टानं १८०० साली विजेचा पहिला घट बनवला. त्या व्होल्टाचं नाव आज सांगोल्यात दिवसातून कितीदा घेतलं जातं याची मोजदाद नाही. ‘होल्टेज नाय’, ‘होल्टेज डाऊन हाय’. या तालुक्याची बोली परक्या शब्दाचे कान कशी धरते, हे २०२२ मध्ये इथल्या तेव्हाच्या आमदारांच्या फोनवरच्या ‘हाटील’मुळे सगळ्या महाराष्ट्राला कळलंच. व्होल्टा ‘होल्टा’ झाला, त्यात त्याचा अपमान काही नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण या तालुक्यात वीज म्हणजे शेवटी पाणीच. माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी. विहीर, बोअर, शेततळं, आणि कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आणणारी टेंभू उपसा सिंचन योजना. ‘उपसा’ हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. पाणी आपण होऊन आलेलं नाही, उपसून आणलंय, हे तो लपवत नाही. हिशेब सोपा आहे: एक युनिट वीज, काहीही वाया न जाता, सुमारे ३६०० लिटर पाणी १०० मीटर उंच नेते. प्रत्यक्षात पंप, पाईप आणि मोटार यांत बरंच वाया जातं, म्हणून एका युनिटात तेवढंही पाणी चढत नाही. उपसा योजनांच्या वीजबिलावर इतकं राजकारण का पेटतं, ते या एका भागाकारात आहे.

विहिरीवर पूर्वी मोट होती. मोट गेली आणि मोटार आली. कानाला एकच घर वाटतं, पण नातं नाही. मोटार ही लॅटिन ‘हलवणे’ची पणती. मोटेबरोबर तिचा सगळा संसार गेला: नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. यातलं थारोळं मात्र वाचलं. मोटेचं पाणी ज्यात पडायचं ते थारोळं. आज ते फक्त गुन्ह्यांच्या बातम्यांत सापडतं, ‘रक्ताच्या थारोळ्यात’. बातमी लिहिणाऱ्यानं थारोळं पाहिलेलं नसतं आणि वाचणाऱ्यानंही. शब्दांच्या नशिबी असलं काही येतं. मोटेच्या जागी नवा संसार आला: स्टार्टर, केबल, पॅनेल, ऑटो, आणि चिनीमातीच्या फ्यूजला ‘किटकॅट’. हे नाव वायरमन लोकांच्या धंद्यातलं आहे आणि गावातली पोरंही तेच म्हणतात.

मोटारीची ताकद एचपीत. ‘पाचाची बसवली का साडेसाताची?’ एचपी म्हणजे जेम्स वॅटचा घोडा. वाफेचं यंत्र विकताना ते किती घोड्यांचं काम करील हे गिऱ्हाइकाला सांगता यावं म्हणून त्यानं घोड्याचं माप ठरवलं; आजच्या हिशेबात ७४६ वॅट. सरकारी मराठीत त्याची ‘अश्वशक्ती’ झाली. माणच्या खोऱ्यात विहिरीवर घोडा कधी जुंपला नाही. जुंपले ते खिलार. पाच घोड्यांच्या मोटारीनं बैलांची धाव बंद केली. पाच एचपीची मोटार पूर्ण भारावर तासाला पावणेचार युनिटांहून जास्तच खाते, बैलाची वैरण वेगळी.

ही मोटार फिरायला लागते थ्री फेज. ‘फेज’ हा मूळ ग्रीक शब्द, दिसणे या अर्थाचा, आणि युरोपात तो रुळला चंद्राच्या दर्शनासाठी, म्हणजे आपण ज्याला चंद्राची कला म्हणतो त्यासाठी. आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांनीही फेजला ‘कला’च म्हटलं आहे, आणि परिभाषेतल्या मोजक्या देखण्या शब्दांपैकी तो एक. तीन तारांतल्या तीन लहरी एकमेकींच्या मागे तिसऱ्या हिश्शाइतक्या उशिरानं येतात. त्या तिघींच्या पाठशिवणीनं मोटारीच्या पोटात चुंबकत्व गोल फिरू लागतं आणि त्यामागे मधला लोखंडी रोटर फिरतो. एक फेज गेला की फिरणं अडखळतं, उरलेल्या दोन तारांवर भार येतो, वायंडिंग तापतं आणि मोटार जळते. मग ती काढा, गाडीत घाला आणि रिवाइंडिंगवाल्याच्या दारात रांगेत ठेवा. ‘मोटार जळाली’ हे वाक्य डाळिंबाच्या भर बहरात ऐकणं म्हणजे काय, हे बागवाल्यालाच ठाऊक.

शेतीला थ्री फेज पाळीनं मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस पाण्याची दारं धरायला निघतो तेव्हा हातात बॅटरी असते. खेड्यात बॅटरी म्हणजे टॉर्च. हा शब्द तोफखान्यातून आलाय. फ्रेंचमध्ये बडवणे, त्यावरून तोफांची ओळ; फ्रँकलिननं वीज साठवणाऱ्या काचेच्या लेडन बरण्यांची ओळ जोडली आणि तिला तोफांच्या ओळीचं नाव दिलं. अडीचशे वर्षांनी तीच बॅटरी बांधावरचा साप बघायला उपयोगी पडते. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्याची मागणी जुनी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला सुरू झाली आणि २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली, ती याच मागणीपोटी. दिवसाची पाळी सगळीकडे आली तर बॅटरी हा शब्द खेड्यात पुन्हा मोबाईलपुरताच उरेल, आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आता सरकारी शब्द. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाली. ‘वितरण’चा संस्कृतातला अर्थ दान, देणगी. दानाचं बिल दर महिन्याला येतं, ते असो. मला खरी मौज वाटते ती ‘रोहित्रा’ची. ट्रान्सफॉर्मरला महावितरणच्या कागदोपत्री रोहित्र म्हणतात. घडण उघड आहे: ‘रुह्’ म्हणजे चढणे, वाढणे, आरोह-अवरोहातला, त्याला साधन दाखवणारा ‘इत्र’. पाणिनीनं हा प्रत्यय एका सूत्रात सात धातूंना सांगितला आहे. खणायचं ते खनित्र त्यातलंच, आणि चालण्याचं साधन ते चरित्र हेही त्यातलंच. रुह् त्या सातांत नाही, पण नव्या गरजेला पाणिनीनंही हरकत घेतली नसती. तर रोहित्र म्हणजे चढवण्याचं साधन. आणि गावातलं रोहित्र करतं काय? ११,००० व्होल्टांवरून उतरवून ४०० च्या घरात आणतं! चढवणारं रोहित्र वीजनिर्मिती केंद्राजवळ असतं. तिथून दूर पाठवायची तर दाब वाढवावा लागतो, म्हणजे तारेत कमी वीज वाया जाते. गावाच्या वाट्याला येतं ते उतरवणारं, नाव मात्र चढवणाऱ्याचं.

गावानं तो शब्द घेतलाच नाही. गाव म्हणतं डीपी. ‘डीपी जळाली’, ‘डीपीवर फ्यूज टाकायला गेलाय’. वायरमनच्या भाषेत दोन खांबांच्या मांडणीला डीपी, डबल पोल म्हणतात, आणि रोहित्र त्या दोन खांबांच्या मधोमध बसतं. माझा कयास असा की मखराचं नाव देवाला पडलं. शब्द म्हणून रोहित्र सुरेख आहे, उच्चारायला सोपा आहे, कवितेत शोभेल. तरी तो हरला, कारण डीपीजवळ भर उन्हात उभं राहून बोलणाऱ्या कुणी तो घडवला नव्हता.

‘भारनियमना’ची गोष्ट वेगळी, तो शब्द सुरेखही नाही आणि सरळही नाही. लोडशेडिंग म्हणजे भार टाकून देणं. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जाळ्यातली पन्नासची कंप्रता घसरू लागते. यंत्रं वाचवायची तर काही गावं तोडावी लागतात. हे शास्त्र आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मराठीत त्याचं ‘नियमन’ झालं आणि तोडलेल्या गावाला वाटलं, आपलं काहीतरी नियमात बसवतायत. लोकांनी हा शब्दही बाजूला सारला आणि इंग्रजी जोडशब्द जसाच्या तसा उचलला. इथे मी लोकांच्या बाजूनं आहे.

‘आकडा’ मात्र अस्सल आपला. तारेवर वाकवलेली सळई किंवा वायर अडकवून चोरून वीज घेणं म्हणजे आकडा टाकणं. कायद्यात, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ मध्ये, ती चोरी आहे. बोलीत तो नुसता आकडा. आकडा म्हणजे हूकही आणि अंकही, आणि हे दोन अर्थ योगायोगानं एकत्र आलेले नाहीत. संस्कृत ‘अंक’ म्हणजे मुळात वाकलेलं काहीतरी: आकडी, बाक, बसलेल्या आईची मांडी, पुढे खूण, आणि खुणेवरून संख्या. हत्तीचा अंकुश त्याच गोतातला. तेव्हा आकडा टाकला की मीटरवरचा आकडा पडत नाही, हा विनोद भाषेनं शास्त्रशुद्ध पायावर उभा केलेला आहे.

दिव्याचे काही जुने संस्कार विजेनं मोडले, काही पाळले. तेलाचा दिवा ‘विझला’ म्हणू नये, मालवला म्हणावं, शांत झाला म्हणावं, असं घराघरात शिकवलं जायचं. बल्बला हा सोवळेपणा नाही. तो सरळ ‘घालवतात’. ‘बत्ती गुल’ म्हणतात त्यातला गुल म्हणजे वातीवर जमणारी काजळीची बोंडी, फारसी फुलावरून आलेली. वात नाही, काजळी नाही, गुल मात्र होतो. पण दिवेलागण अजून दिवेलागणच आहे, ग्रामपंचायतीच्या पावतीवर कर ‘दिवाबत्ती’चाच आहे, आणि संध्याकाळी बटण दाबून ट्यूब लागली की हात जोडणाऱ्या आजी अजून पुष्कळ आहेत. ती ट्यूब जरा उशिरा पेटायची, म्हणून उशिरा समजणाऱ्याला ट्यूबलाईट म्हणू लागले. एलईडी आल्यावर ही शिवी फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

एक मोठी गोष्ट सोलापूर जिल्ह्याच्या नावावर आहे आणि तिच्यासाठी बोलीत अजून शब्द नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका ठेक्यात जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी जनित्रं एकाच पन्नासच्या लयीत फिरतात. करंट जाणारे आणि लाईट जाणारे, दोघंही आता एकाच जाळ्यात आहेत.

या सगळ्या शब्दांकडे पाहून माझं मत असं झालं आहे की विजेच्या बाबतीत मराठी माणसानं नामं उसनी घेतली आणि क्रियापदं घरची वापरली. लाईट, करंट, होल्टेज, फेज, डीपी ही नामं कुणाचीही असोत. येणं, जाणं, बसणं, उतरणं, चिकटणं, जळणं, टाकणं आपलं आहे, आणि विजेची खरी ओळख त्यात आहे. परिभाषा करणारे आयुष्यभर नामं घडवत बसले. क्रियापदांकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि म्हणूनच त्यांचे फलक लोकांना लागत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर सुरक्षिततेच्या सूचना लागतात: ‘भूसंपर्कन सुस्थितीत असल्याची खातरजमा करावी’, ‘अपघातग्रस्तास विद्युतरोधक वस्तूने विलग करावे’. अशी पाटी ज्याच्यासाठी लावली, तो तिच्याखाली सायकल लावून निघून जातो.

तेव्हा ज्यांच्या हातात या पाट्या आहेत, मग ते महावितरण असो, ग्रामपंचायत असो की शाळा, त्यांना एवढीच विनंती की पुढची पाटी डीपीजवळ उभं राहून लिहा. अर्थिंगची तार तुटली असेल तर पत्र्यात करंट उतरतो, ती आधी बघा. ओल्या पायानं स्टार्टरला हात लावू नका. आकडा टाकू नका. कुणी तारेला चिकटला तर त्याला हातानं धरू नका. आधी मेन बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तार बाजूला सारा. आणि तुटलेली तार जमिनीवर पडलेली दिसली तर, लाईट गेलेली असली तरी लाईट कधीही परत येईल असं धरून लांब थांबा आणि १९१२ ला फोन करा.